गाडलगट्टा, ९६७ मीटर

पोलीस भरतीची नाहीतर तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या पोराला अर्ध्या झोपेतून उठवून विचारलं तरी तो धडाधड सांगतो. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर? कळसूबाई, १६४६ मीटर. दुसरं? साल्हेर, १५६७. विदर्भातलं? मेळघाटातलं वैराट, ११७७. गडचिरोलीतलं? गाडलगट्टा, ९६७. गाईडाच्या पानावर हे सगळे डोंगर एका रकान्यात, पंगतीला बसल्यासारखे एकाखाली एक बसलेले असतात. गाडलगट्टा पाठ असलेली मुलं राज्यात हजारोंनी निघतील. गाडलगट्ट्यावर गेलेला माणूस मात्र दिवा घेऊन शोधावा लागेल.

कळसूबाईचं तसं नाही. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून शनिवारी रात्री टॉर्चांची रांग निघते. कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, वर देवीचं इवलंसं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते. मुंबई-पुण्याची माणसं तिथं का जातात? देवी आहे म्हणून काही जण, पण बहुतेक जण ते सगळ्यात उंच आहे म्हणून जातात. रकान्यातला पहिला आकडा पायाखाली घातल्याचं समाधान असतं, आणि ते काही खोटं नव्हे. पहाटेच्या थंडीत मांड्या भरून आल्यावर मिळालेलं समाधान खोटं कसं असेल?

चंद्रपूर-गडचिरोलीत हा हिशेब लागू पडत नाही. इथली माणसं डोंगर चढतात, वर्षानुवर्षं चढत आली आहेत, पण उंचीसाठी चढत नाहीत. वर कोण राहतं, वर काय आहे, यावर इथं डोंगराची पत ठरते.

मुळात इथला डोंगर दिसायलाच वेळ लागतो. सह्याद्रीत डोंगर आधी दिसतो आणि मग वाट शोधावी लागते. गडचिरोलीत वाट आधी असते. ती पायाखाली चढायला लागली, पोटऱ्या बोलायला लागल्या, की समजायचं डोंगर लागला. जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू आणि त्यांच्यामधून बांबूची बेटं. चंद्रपूरहून मूल, गडचिरोली, आष्टी, आल्लापल्ली, एटापल्ली असा प्रवास करत गेलं, तर डोंगररांगा आल्या कधी आणि सरल्या कधी याचा पत्ता गाडीत बसलेल्याला लागत नाही. आणि ९६७ हा आकडा ऐकून नाक मुरडण्याचंही कारण नाही. कोकणातून सह्याद्रीकडे पाहणाऱ्याला समुद्रसपाटी पायाशीच सापडते. इथं गडचिरोली गावच दोनशे मीटरच्या आसपास आहे, आणि त्यावरची सातशे-साडेसातशे मीटरची चढण म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी सह्याद्री किल्ल्याची चढण झाली. फरक एवढाच, की या चढणीवर पायऱ्या नाहीत, पाटी नाही, लिंबू-सरबतवाला नाही आणि मोबाइलला रेंज नाही.

नावांतसुद्धा गंमत आहे. गोंडीत डोंगराला मेट्टा म्हणतात, तेलुगूत टेकडीला गुट्ट, आणि झाडीपट्टीतला माणूस म्हणतो पहाडी. एटापल्ली तालुक्यात गट्टा नावाचं गावच आहे. तीन भाषा जिथं एकमेकींच्या अंगणात ये-जा करतात, तिथं डोंगराचं नाव कुठल्या भाषेतलं हे ठरवण्याचं काम पंडितांकडे सोपवलेलं बरं. गावच्या माणसाला त्याची अडचण होत नाही. त्याला शिखराचं नाव विचारलं तर तो उलट विचारतो, कुठं जायचं आहे? देवाकडे, पाण्याकडे की चारोळीच्या झाडांकडे? डोंगर एकच, पण जाण्याचं कारण बदललं की नाव बदलतं.

मग हे मीटर आले कुठून? त्याचा एक धागा चंद्रपूरपासून फार लांब नाही. वर्धा जिल्ह्यात वणा नदीकाठी हिंगणघाट आहे. कापसाचं आणि गिरण्यांचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. पण जानेवारी १८२३ मध्ये, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, याच गावी विल्यम लॅम्बटन नावाचा म्हातारा सर्वेक्षक वारला. हिंदुस्थानची मोजणी त्याने १८०२ मध्ये मद्रासला सुरू केली होती. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांच्या खांद्यांवरून डोंगराडोंगरावर चढवत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत, तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत होता. त्याचं काम पुढे ज्याच्याकडे गेलं त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. जगातल्या सर्वोच्च शिखराला ज्याचं नाव मिळालं, त्याच्या गुरूची माती हिंगणघाटात आहे. कळसूबाईच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

एव्हरेस्टलाही या मुलखाची चव मिळाली होती. १८१९ च्या पावसाळ्यात कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात मोजणी करताना तो आणि त्याची माणसं तापाने अशी आडवी झाली, की त्याला हवापालटासाठी थेट दक्षिण आफ्रिकेत जावं लागलं. इथून दक्षिणेला गोदावरी ओलांडली की तोच मुलूख लागतो. झाडी तीच, डास तेच. या मोजणीची एक अट होती. एका माथ्यावरून दुसरा माथा दिसला पाहिजे. म्हणजे वर झाडं असली तर ती तोडली पाहिजेत. माथा बोडका केल्याशिवाय त्याची उंची सांगता येत नसे. हा मुद्दा ध्यानात ठेवायचा. पुढे सुरजागडला तो पुन्हा भेटतो.

चढाईची सुरुवात करायची तर चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडून, नागभीड तालुक्यातल्या सातबहिणी डोंगरापासून करावी. याचं दुसरं नाव पेरजागड. चार्ल्स ग्रँटने १८७० मध्ये मध्य प्रांताचं गॅझेटियर प्रसिद्ध केलं, त्यात या रांगेची नोंद आहे: लांबी १३ मैल, रुंदी सहाएक मैल, आणि दक्षिण टोकाला तुटलेल्या कड्याचा एक उंच डोंगर, जो चाळीस मैलांवरून दिसतो. पेरजा नावाचा कुणी गवळी सरदार इथं राहत होता म्हणून पेरजागड, आणि पश्चिमेच्या माथ्यावर सात बहिणींनी तप केलं म्हणून सातबहिणी. लोकांनी सरदाराला कागदावर ठेवलं आणि बहिणींना बोलण्यात. आजही नागभीड-चिमूर पट्ट्यातल्या माणसाला सातबहिणीला जाऊन आलो असं म्हणताना पुढे डोंगर हा शब्द लावायची गरज वाटत नाही. माहेरी जाऊन आल्यासारखं ते वाक्य असतं.

सात बहिणी महाराष्ट्राला नव्या नाहीत. विहिरीवर, डोहावर, नदीच्या वळणावर शेंदूर लावलेले सात दगड दिसले की साती आसरा. पण आसरा पाण्यात राहतात, आणि या बहिणी कड्यावर. तापलेल्या दगडातून वाट काढत, खाचेत हात घालत, बसत-उठत वर गेलं की भातखाचरांचा, बोड्यांचा म्हणजे लहान तळ्यांचा आणि तलावांचा, झाडीने वेढलेला सपाट मुलूख खाली पसरलेला दिसतो. झाडीपट्टी हे नाव कशावरून पडलं, हे इथून एका नजरेत कळतं.

इथं एक तिसरा मालकही आहे. कड्याच्या पोटाखाली आग्या मोहोळ लागलेलं असतं. पाटाएवढी काळपट पोळी लांबून दगडाचाच भाग वाटतात; जवळ गेल्यावर त्यांच्यावरून एक लाट सरकल्यासारखी दिसते, आणि मग कळतं की ही जिवंत आहेत. धूर, आरडाओरडा, अंगाला फासलेलं अत्तर, काहीही त्यांना पुरतं. एकदा माश्या उठल्या की त्या माणसाच्या पाठीमागे लांबपर्यंत येतात. या डोंगरावर फिरायला आलेली माणसं मधमाश्यांच्या हल्ल्यात दगावली आहेत. गावची माणसं बहिणींच्या दाराशी गप्प का चढतात, याचं अर्धं कारण भक्ती असेल, उरलेलं अर्धं हे.

टिपागड याहून वेगळा. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर-पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या रांगेत हा किल्ला आहे. इथं वर देव आहे, पण खरं आकर्षण पाण्याचं. डोंगरमाथ्यावर तळं आहे. ते आटत नाही, आणि टिपागढी नदी इथूनच निघते. भर उन्हाळ्यात घामाघूम होऊन वर पोचावं आणि समोर पाणी दिसावं, यापुढे दृश्य वगैरे गोष्टी दुय्यम आहेत. गोंड राजा पुरम याचं हे ठाणं. त्याच्याकडे दोन हजार लढवय्ये, पाच हत्ती आणि पंचवीस घोडे होते असं परंपरा सांगते. हत्ती पाचच होते हे सांगणारी परंपरा विश्वासू वाटते. खोटं सांगायचं असतं तर पाचशे सांगितले असते. वैरागडच्या मुलखावर त्याचा अंमल होता, आणि वैरागड म्हणजे हिऱ्यांच्या खाणीसाठी ज्याचं नाव ‘आईन-ए-अकबरी’त गेलं ते गाव. छत्तीसगडच्या फौजेशी राजाची लढाई झाली. राजा पडला असं समजून राणीने तळ्यात उडी घेतली आणि राजा जिंकून परतला तेव्हा उशीर झाला होता, असं लोक सांगतात. महाराष्ट्रातल्या निम्म्या तळ्यांत अशी एखादी राणी आहे. तरी टिपागडच्या काठावर बसून ही गोष्ट ऐकताना ती खोटी म्हणवत नाही. पाणी इतकं स्थिर असतं.

अशा जागांची वर्णनं सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या पुस्तकांत फार कमी येतात. कारण उघड आहे. १९८० च्या सुमारास माओवाद्यांची पहिली दलमं गोदावरी ओलांडून या जंगलात आली, आणि पुढची चार दशकं इथला प्रत्येक उंच माथा कुणाच्या तरी पहाऱ्याची जागा झाला. उंचावर उभं राहून लांबवर पाहणं, ही गिर्यारोहकाची हौस इथं लष्करी कृती ठरली. कॅमेरा, दुर्बीण, नकाशा या तीन वस्तू पिशवीत असलेला माणूस दोन्ही बाजूंना संशयित. पायथ्याच्या गावातला माणूस त्याहून अडचणीत, कारण रात्री एकाने विचारायचं आणि दिवसा दुसऱ्याने. २०२५ च्या ऑक्टोबरात माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर डोंगर मोकळे झाले असं म्हणायची घाई शहरात झाली. पायवाट मात्र एका बातमीने मोकळी होत नाही. तिच्यावरून पुन्हा माणसं जावी लागतात.

एका डोंगरावर मात्र ती या सगळ्या काळातही जात राहिली.

एटापल्ली तालुक्यात, हेडरी गावाच्या वर सुरजागड आहे. दरवर्षी ५ ते ७ जानेवारीला इथं ठाकूरदेवाची यात्रा भरते. सुरजागड इलाख्यातली सत्तरेक गावं, शिवाय पलीकडे छत्तीसगडातून आलेली माडिया माणसं. गोंडी-माडियात देवाला पेन म्हणतात, आणि पेन एका जागी बसून राहत नाहीत. त्यांचे नातेवाईक असतात, त्यांनाही भेटीगाठी लागतात. गावागावांचे देव पुजाऱ्यांच्या खांद्यांवर बसून ठाकूरदेवाच्या भेटीला डोंगर चढतात. माणसं त्यांच्या सोबतीला.

जानेवारीतली पहाट. सागाची पानं गळून वाटेवर त्यांचा थर झालेला असतो, दवाने ती मऊ पडलेली, त्यामुळे सकाळी पावलाचा आवाज येत नाही; ऊन वर आलं की तीच पानं पापडासारखी वाजायला लागतात. बाया डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि हातात कोंबडी घेऊन चढतात, आणि धापा न टाकता बोलतात, हे शहरी पाहुण्याला खटकतं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या आता सगळीकडे आल्या, पण एखाद्या म्हाताऱ्याच्या खांद्याला अजून भोपळ्याचा तुंबा लटकत असतो. त्यातली आंबील थंड राहते. वर पोचल्यावर ढोल, रेला नाच, तीन दगडांची चूल, पानांच्या द्रोणात भात. शिखराच्या अगदी टोकाला उभं राहून फोटो काढायला हवा, ही निकड कुणाला दिसत नाही. देवाचं ठाणं जिथं आहे तिथं डोंगर संपला.

वाटेवरचा एखादा दगड मात्र उचलून पाहावा. मुठीत मावेल एवढा घेतला तरी हात दचकतो. दगड जेवढा दिसतो त्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा असतो. तळव्यावर घासला की लालसर तपकिरी रेघ उमटते, कुंकू भिजवल्यासारखी. हे हेमटाइट, लोहखनिज. सीमेपलीकडे बस्तरमधल्या बैलाडिल्यात जे आहे, त्याच जातीचं. सुरजागड म्हणजे झाडीचं पांघरूण घेतलेला लोखंडाचा ढीग आहे, आणि ही गोष्ट ठाकूरदेवाइतकीच जुन्या काळापासून लोकांना ठाऊक आहे. या पट्ट्यातल्या गावांत मातीच्या भट्ट्यांत लोणारी कोळशावर लोखंड गाळणारी कुळं होती. कुऱ्हाड, विळा, बाणाचं टोक, एवढी गरज डोंगर सहज भागवत होता.

मोठी गरजही एकदा इथवर येऊन गेली होती. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञाने चांदा (म्हणजे आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडावर अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या हाती पडला. लोखंड लोहाऱ्याचं, कोळसा वरोऱ्याचा, आणि पोलादाचा कारखाना, असा बेत त्यांच्या मनात बसला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला योग्य ठरला नाही, सरकारच्या अटी जाचक होत्या, बेत बारगळला. पुढे तेच स्वप्न साकचीला उतरलं आणि जमशेदपूर झालं. चांदा जिल्ह्याचं नुकसान झालं की सुटका, यावर चंद्रपूरच्या चहाच्या टपरीवर आजही दोन तास सहज जातात.

सुरजागडची सुटका झाली नाही. २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला इथल्या ३४८.०९ हेक्टरवर खाणपट्टा मिळाला. खोदकाम सुरू झालं २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात माओवाद्यांनी डोंगरावर पाऊणशेहून अधिक गाड्या जाळल्या. काम थांबलं, सुरू झालं, पुन्हा थांबलं, २०२१ पासून पुन्हा जोरात लागलं. २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन खनिज काढण्याची परवानगी मिळाली. डोंगराच्या अंगावर पायऱ्या दिसतात, पण त्या यात्रेकरूंसाठी नव्हेत; यंत्रांनी वरून खाली उतरत जाण्यासाठी कापलेले ते लाल टप्पे आहेत. लॅम्बटनच्या माणसांना उंची मोजायची म्हणून माथा बोडका करावा लागे. इथं टन मोजायचे म्हणून. ज्या डोंगराचं मोजमाप मीटरवरून टनावर आलं, त्याची उंची परीक्षेत विचारण्यात अर्थ नाही, कारण ती दरवर्षी कमी होणार.

आता दुसरी बाजूही इथंच मांडली पाहिजे, नाहीतर हे सगळं शहरात बसून काढलेलं हळवं चित्र होईल. उद्योग नसलेला जिल्हा ही गडचिरोलीची ओळख इतकी वर्षं होती, की पाठ केलेल्या एका ओळीवर पोलीस भरती मिळणं हीच तरुणांची एकमेव शिडी होती. त्यातली कितीतरी पोरं आज खाणीवर आहेत, डंपर चालवतात, मोटारसायकलीचे हप्ते भरतात. कोनसरीला कारखाना उभा राहिला. ज्याच्या घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार आला, त्याला ठाकूरदेवाचं कसं होणार असं विचारणारा पाहुणा उद्धट ठरतो. आणि तोच पोरगा ५ जानेवारीला रजा टाकून यात्रेला वर जातो, हेही तितकंच खरं. यात्रेत नाच होतो तसे ग्रामसभांचे ठरावही होतात, खाणीच्या विरोधात. नगारा आणि ठराव एकाच मांडवात.

ग्रामसभा म्हणजे इथं नुसती औपचारिकता नव्हे. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी तिला जे अधिकार दिले, ते वापरून दाखवणारं मेंढा-लेखा हे गाव याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात आहे. ओडिशात नियमगिरी डोंगरावर खाणीचा हाच प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितलं, की डोंगरावरच्या देवाचा हक्क आहे की नाही हे ग्रामसभांनी ठरवावं. बारा गावांत सभा झाल्या. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी बाराच्या बारा ठिकाणी नाही म्हटलं. त्यांच्या देवाचा, नियमराजाचा, माथा जागेवर राहिला. सुरजागडचा खाणपट्टा त्या निकालाच्या सहा वर्षं आधीचा. डोंगराच्या नशिबात सहा वर्षं एवढी मोठी असतात, हे कुणाला वाटलं असतं?

माथा देवाचा, ही समजूत फक्त जंगलातल्या लोकांची आहे असं मानणाऱ्यांनी १९५५ चा मे महिना आठवावा. ब्रिटिश मोहिमेतले जॉर्ज बँड आणि जो ब्राउन २५ मे रोजी कांचनगंगेच्या माथ्याखाली पोचले. ८५८६ मीटर उंचीचा हा डोंगर तोवर कुणी चढलेलं नव्हतं. शेवटची काही पावलं उरली होती आणि ते थांबले. सिक्कीमच्या चोग्यालला मोहिमेने शब्द दिला होता, की माथ्याला पाय लावणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तुकडीतले आणखी दोघे तिथंच थांबून परत फिरले. ऑस्ट्रेलियात उलुरूच्या लाल खडकावर चढण्याला २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे. तिथले अनंगू लोक पिढ्यानपिढ्या पाहुण्यांना चढू नका असं सांगत होते. बंदीच्या आदल्या दिवशी मात्र खडकावर रांग लागली होती. राहून गेलं तर, या भीतीने आलेली रांग. पर्यटक नाशिकचा असो की सिडनीचा, स्वभाव एकच.

गाडलगट्ट्याला हे सगळं लागू नाही. त्याच्यावर ना रांग लागते, ना बंदीची वेळ येते. तो रकान्यात ९६७ या आकड्यापुढे स्वस्थ बसलेला आहे. कुणी तिथं जाऊन फलक लावावा, पायऱ्या बांधाव्यात, सर्वोच्च शिखर पर्यटन असं काही काढावं, ही कल्पना एखाद्या बैठकीत आज ना उद्या निघेलच. ती कल्पना वाईटच असेल असं नाही. पायथ्याच्या गावाला चार पैसे मिळतील, एखादा पोरगा वाटाड्या होईल, त्याने पाठ केलेली ओळ त्याच्याच कामाला येईल. पण फलक लावण्याआधी त्या गावात बसून एक साधा प्रश्न विचारला जावा, वर कोण राहतं? उत्तर ऐकून घेतल्यावर मग पायऱ्यांची जागा ठरवावी, किंवा ठरवू नये.

ज्यांना तोवर धीर नाही त्यांनी सातबहिणीपासून सुरुवात करावी. नागभीडपर्यंत रेल्वे येते, पुढे गाडी करावी लागते. थंडीत जावं, उजाडताच चढायला लागावं, दोन बाटल्या पाणी जवळ ठेवावं. अंगाला अत्तर नको, विडी-सिगारेट नको, स्पीकर नको. गावातला एक माणूस सोबत घ्यावा आणि त्याला त्याची मजुरी न घासाघीस करता द्यावी. कड्याखाली पोळी दिसली आणि तो माणूस म्हणाला, इथून परत, तर परत फिरावं. माथा राहिला तर राहिला.